मागच्या खोलीची भिंत

८ सप्टेंबर, रविवार

चहात चुना. साखरेच्या डब्यावर चुना. आज उशी झटकली तर तिच्यातूनही चुना! आम्ही या घराला गिलावा करतोय की घर आम्हाला करतंय, देव जाणे.

मागच्या खोलीतलं जुनं सिमेंट एकदाचं उतरलं. आधीच्या कुणा शहाण्याने दगडी भिंतीवर सिमेंट थापून ठेवलं होतं, आतली ओल आतच कोंडलेली. छिन्नी मारली की बशीएवढी खपली निघायची आणि मागे काळपट, ओला दगड. हा तर हरखून गेला. "बघ, भिंत पहिल्यांदा श्वास घेतेय!" भिंत घेतेय. मी तोंडाला फडकं बांधून उभी, मला कुठे घेता येतोय?

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो आणि संध्याकाळी घरी येऊन भिंती वाचतो, असा हा माझा नवरा. सिमेंट नको, थर्माकोल नको, डब्यातला रंग नको. चुना, वाळू, माती, जवसाचं तेल. आणि माळ्यावर मेंढीची लोकर, ऊब राहावी म्हणून. हवा दमट झाली की घरात मेंढी बांधल्यासारखा वास येतो. हे सगळं मला पटलं होतं, मीच हो म्हणाले होते, हे इथे लिहिते आणि परत कुठेही कबूल करणार नाही.

माझे बाबा खुर्चीत बसून बघत होते. जन्मभर सिमेंटच्या इमारती उभ्या केल्या त्यांनी. "चार गोणी सिमेंट आणा. दुपारपर्यंत मोकळे व्हाल." रोज म्हणतात.

९ सप्टेंबर

दादाचा फोन. आवाज गोड, म्हणजे काहीतरी कडू येणार हे ओळखलंच.

बाबा महिन्याभरापासून आमच्याकडे आहेत. डॉक्टरांनी जिने बंद केले आणि दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आता म्हणतो, "तुमच्या त्या एका खोलीत तिघं कसे राहता? ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी येतो मी. बाबांना स्वतंत्र, कोरडी खोली झालेली असेल तर ठीक. नाहीतर मी निवासात नाव घालून ठेवलंय."

निवास! वृद्धाश्रम म्हणायला जीभ वळत नाही त्याची. फोनवर खूप बोलले. ठेवल्यावर लक्षात आलं की त्याचं चुकत नाहीये. बाबांच्या छातीला ओल चालत नाही. म्हणूनच जास्त राग आला.

बाबांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. उगाच जिवाला घोर.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पहिला थर चढला. माझ्या बोटांना चुना चावलाय, हातमोजे घालूनही! टपाल कचेरीत खिडकीवर आलेली बाई म्हणते, "भाजलं का हो?" म्हटलं, नाही, घर बांधतेय. तिने मुकाट्याने तिकिटं घेतली.

रात्री तिघं पुढच्या खोलीत. एका भिंतीला शेगडी, दुसरीला बाबांची खाट, मध्ये आमची गादी, कोपऱ्यात चुन्याचं पिंप. बाबा खोकतात, हा झोपेत वाळू चाळतो, मी छताकडे बघते. मला एक दार हवंय. लावता येईल असं. बस्स, एवढंच मागते.

१५ सप्टेंबर, रविवार

शेवटचा थर. हाताने घोटून घोटून माझा खांदा कामातून गेला. पण भिंत काय दिसते! सायीसारखी.

चुना सावकाश वाळावा लागतो, घाई केली की तडे. म्हणून काही दिवस रोज पाणी मारायचं. हे काम बाबांनी अंगावर घेतलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फवाऱ्याची बाटली. "पाणी मारण्यात आमचा जन्म गेला. तुम्ही शिकवू नका." दिवसातून चार फेऱ्या. आम्ही कामावर असताना कुणी कामात असतं हे बरं वाटलं. बाबांची भूकही वाढली आहे.

१९ सप्टेंबर

बाबा आणि हा, दोघांचं कडाक्याचं भांडण. विषय: वाळू जाड की बारीक. भिंत तर झालीसुद्धा! आता कशाला? दोघेही मजेत होते. मी तेवढी वैतागले.

२२ सप्टेंबर, रविवार

पाणी मारणं बंद. हा म्हणाला, "आता फक्त वाळू द्यायचं." फवाऱ्याची बाटली धुऊन माळ्यावर ठेवली. बाबा म्हणाले, "मग आता मी काय करू?" हा म्हणाला, "आराम!" आणि हसला. बाबा नाही हसले.

२५ सप्टेंबर, बुधवार

सगळी भिंत पांढरी होत आली, आणि एका जागी ओल! दारापासून हातभर आत, कमरेच्या जरा खाली, ताटाएवढी. वर कोरडं. खाली कोरडं. मध्येच हे ताट.

हा उकिडवा बसून तासभर बघत राहिला. जेवायला बोलावलं तर म्हणे, "थांब, विचार करतोय."

२९ सप्टेंबर, रविवार

विचार झाला. निष्कर्ष: बाहेरचं पाणी मुरतंय. म्हणून आज भिंतीलगत चर खोदायचा! खोदला. गुडघाभर. शेजारीणबाईंची फुलझाडं चराच्या काठावरून आत कलंडली. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या. "तुमचं घर श्वास घेतंय ते ठीक आहे हो, माझ्या झाडांचा का घेताय?" मी माफी मागितली. हा चरात उभा राहून त्यांना दगडातून पाणी कसं चढतं ते समजावत होता! मातीत पुरलेला माणूस व्याख्यान देतोय, ऐकणारी फुलं उचलतेय.

चरात खडी भरली. बाबा खिडकीतून म्हणाले, "छान काम. पण ओल जायची नाही." का, तर म्हणे अनुभव.

३ ऑक्टोबर

ओल गेली नाही. ताटाची परात झालीये.

तिसरा रविवार डोक्यावर बसलाय. दादाला काय दाखवू? चर?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

हा सर्दीने घरी. दिवसभर पडून होता म्हणे. संध्याकाळी मी आले तेव्हा भिंतीबद्दल अवाक्षर नाही! मी विचारलं, "बघितलीस का? वाढली?" तर म्हणाला, "चुना आहे. वेळ लागतो."

एवढंच?

८ ऑक्टोबर, मंगळवार

याला झालंय तरी काय! जो माणूस एका डागासाठी अर्धं अंगण उकरतो, तो आता भिंतीकडे बघतही नाही. मी म्हटलं, तेवढा भाग खरवडून परत करू. नको म्हणाला. हीटर लावू. तडे जातील. मग करायचं काय? "चुना आहे. वेळ लागतो." पोपट पाळला असता तर निदान चार वाक्यं शिकला असता.

मी ओरडले. दादाचं नाव घेऊन, अगदी हळू आवाजात ओरडले, कारण बाबा तिथेच खाटेवर. हा म्हणाला, "तोपर्यंत वाळेल." कशावरून? "वाळेल गं." त्याच्या या शांतपणापुढे मी हात टेकले. रडूही आलं. माझ्या वडिलांना नेतील आणि याला वेळ लागतो!

बाबा शेंगदाणे सोलत आमच्याकडे बघत होते. मजा वाटत होती की काय कुणास ठाऊक.

१३ ऑक्टोबर

पुढचाच रविवार. ओल तशीच. जेवण करपलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज कचेरीतलं यंत्र बंद पडलं, दुपारीच सोडलं. घरी आले तर बाबा खाटेवर नाहीत. मागच्या खोलीत पाण्याचा आवाज.

बाबा भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर आंघोळीचा मग. बोटं बुडवून भिंतीवर पाणी उडवत होते, शिस्तीत, वरून खाली. मग उरलेलं ओतलं आणि तळहाताने भिंत पुसली, कुणाची पाठ पुसावी तशी.

"बाबा!"

दचकले. मग सावरून म्हणाले, "पाणी मारत होतो. गिलाव्याला पाणी नको का?"

"तो वाळायचाय! आम्ही चर खोदला, बाबा! त्या बाईंची झाडं मेली!"

"चर मी सांगितला नव्हता."

मला इतका संताप आला की हातातली पिशवी मी जमिनीवर आपटली. मातीच्या नव्या जमिनीला खड्डा पडला, तोही आता भरायला हवा. म्हटलं, का? कुणासाठी करतोय हे सगळं? तुमच्यासाठी मरतोय आम्ही!

"तेच तर," म्हणाले. "वाळली की मला इथे आणून टाकाल."

टाकाल! मी काही बोलणार तोच ते हळूहळू बोलायला लागले. मगाकडे बघत. "दादाकडे मला स्वतंत्र खोली होती. दार लावून घ्यायचे. बाबांना झोपू द्या, बाबांना झोपू द्या. मी झोपलेला नसायचो, पोरी. तुमच्याकडे भांडी पडतात, जावई नाकावरचा चष्मा घरभर शोधतो, तू चिडतेस. रात्री खोकलो तर कुणीतरी कूस बदलतं. माणसात आहे असं वाटतं."

मला बसावंच लागलं. खाली, ओल्या जमिनीवर.

आणि मग मी सांगून टाकलं. दादाचं, रविवारचं, निवासाचं. सांगायचं नव्हतं, पण ते नकळत स्वतःच्या हाताने स्वतःला तिकडे पाठवत होते. बाबांनी पाण्याचा मग माझ्या हातात दिला.

"खिडक्या उघड. दोन्ही. पंखा नको, तडे जातील." आणि जरा वेळाने, "जावयाला सांगू नकोस. त्यांनी चर खोदलाय."

नाही सांगणार म्हटलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

परातीची बशी झाली. बाबा दर तासाला हात लावून बघतात. याला म्हटलं, "वाळतेय!" हा म्हणाला, "म्हटलं होतं ना." असा राग आला! काही ठाऊक नसताना बरोबर ठरणाऱ्या माणसाचा येतो तसा.

२० ऑक्टोबर, रविवार

दादा आला. भिंतीला तळहात लावला, गाल लावला, बोटाने टकटक केलं. कोरडी ठणठणीत. "मानलं तुम्हाला," म्हणाला, आणि तिथेच उभं राहून निवासात फोन लावून नाव काढून टाकलं. इतके दिवस ज्या गोष्टीसाठी जीव काढला ती अशी दोन वाक्यांत झाली. मला हुंदकाच आला. दादाला वाटलं, दमलीये.

"खोली काय शांत आहे! बाबा, आता दार लावून निवांत झोपा."

"हो," बाबा म्हणाले. "शांत आहे."

दादा गेल्यावर बाबांनी दाढीचं सामान, चष्म्याचं घर आणि रेडिओ एका पिशवीत भरून खाटेच्या पायाशी ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. हा म्हणाला, "सकाळी हलवू खाट." मी याला काय सांगणार? वचन दिलंय. खोली झाली, दार मिळालं, आणि मला ते नकोसं झालंय.

सगळ्यावर वैतागून झालं. आता स्वतःवर.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सगळ्यांच्या आधी उठायचं ठरवलं होतं. अंधारात मग भरला आणि मागच्या खोलीत गेले.

भिंत ओली होती. त्याच जागी, ताटाएवढी.

पुढे आले. बाबा खाटेवर घोरत होते, पिशवी पायाशी तशीच. हा शेगडीपाशी चहा ठेवत होता. उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली.

म्हणजे त्या सर्दीच्या दिवसापासून याला सगळं ठाऊक होतं!

त्याने माझ्या हातातल्या मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चुना आहे," म्हणाला. "वेळ लागतो."