वाफेची डबी

पोरिरुआ,
रविवार सकाळ

प्रिय आई,

फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि भोवती दादाचं अख्खं घर. हे फक्त तुझ्यासाठी आहे. मी जिंकले, आई. आज शंभर दिवस झाले. कशाचे, ते सांगण्याआधी एक खोटं कबूल करते.

मागे व्हिडिओ कॉलवर माझ्या तोंडातून वाफ निघताना तुला दिसली, आणि मी गडबडून म्हटलं, वाफ घेतेय. तुला वाटलं सर्दी. पुढच्या पार्सलमध्ये तू अर्धा किलो ओवा पाठवलास. ती वाफ निकोटिनची होती गं. वेप म्हणतात त्या यंत्राला. त्याआधी चार वर्षं मी सिगारेट ओढत होते. दिवसभर फार्मसीच्या काउंटरवर लोकांना सिगारेट सोडायचे उपाय समजावायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या पार्किंगमध्ये जाऊन उभं राहायचं, ही तुझी फार्मासिस्ट लेक. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

यंत्राला मी सरसकट नावं ठेवणार नाही. मुठीत मावणारी डबी, राख नाही, कपड्यांना वास नाही, अर्ध्या तासात चार्ज. सिगारेट सुटली ती तिच्यामुळेच, आणि निकोटिन किती टक्के घ्यायचं तेही आपल्या हातात. पण अवगुण म्हणशील तर खिशात गळायची, पांढऱ्या कोटाला चिकट डाग पडायचे, दुपारी बॅटरी संपली की माझा जीव कासावीस. सगळ्यात वाईट म्हणजे तिला शेवटच नाही. सिगारेट निदान विझते. ही उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात. पौर्णिमेला इथली आपली मंडळी वंदनेला जमतात, तेव्हा नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की माझा आवाज आपोआप खाली जायचा आणि हात खिशावर.

मग मी टक्के उतरवत गेले. शून्यावर आले आणि एक दिवस तीही वाफ बंद केली. त्यालाच आज शंभर दिवस झाले. तुझा जावई नितीश बिचारा तीन आठवडे घरात चोरपावलांनी वावरला. अकराव्या दिवशी राहवेना म्हणून कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, गेले. डबी काउंटरमागेच मांडलेली होती. मी दूध घेतलं आणि घरी आले. त्या बाटलीचा मला डिग्रीपेक्षा जास्त अभिमान वाटला. गेल्या शनिवारी रंगितुहीचा डोंगर न थांबता चढले. नितीश मागे धापा टाकत होता. आणि या पौर्णिमेला पाचवं शील सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

हे सगळं आज का लिहिलं, तर बुधवारी दादाचा फोन आला. दातांच्या डॉक्टरांना तुझ्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला, मिश्री सोडा म्हणाले, आणि तू म्हणालीस, "चाळीस वर्षांची सवय, आता माझ्याबरोबरच जाईल." आई, मला फार भीती वाटली. मी रागवत नाहीये, मला तो अधिकारही नाही. पण सवय सुटते, हे मी स्वतःवर करून पाहिलंय. तू दिवसातून पाच वेळा लावतेस. उद्यापासून चार. मी रोज सकाळी फोन करीन, स्पीकर बंद ठेव आणि फक्त आकडा सांग. खोटं सांगितलंस तरी मला कळेल, मी तुझीच मुलगी आहे. शून्य तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत मी फोन थांबवणार नाही.

तुझीच, यापुढे तुझ्यापासून काही न लपवणारी,
धम्मदीना