चहावर न ठेवलेला चिमटा

३ जानेवारी
कापसाची पऱ्हाटी उपटायचा चिमटा जमला. चाकांवर चालतो, दांडा दाबला की दात बुंधा धरतात, वाकावं लागत नाही. सविताला दाखवला. बायको असून कौतुक केलं, म्हणजे खरंच जमला.
चहावर ठेवणार नाही. एमआयडीसीतल्या आमच्या गल्लीची रीत: नवं काही केलं की दिवसभर टपरीसमोर ठेवायचं, सगळ्यांनी हाताळायचं. मागं मी वेल्डिंग करून केलेली ट्रॉली ठेवली होती. मारुती लोहारानं चाक मोठं केलं, लेथवाल्या जब्बारभाईनं बेअरिंग घातलं. आता गावोगाव जब्बारभाईची ट्रॉली. माझं नाव कुत्रं घेत नाही.

६ जानेवारी
चिमट्यावर गोणपाट. विचारलं की सांगतो, पाण्याची टाकी आहे. जब्बारभाईनं खाली वाकून पाहिलं. "टाकीला दात कवापासून यायलेत?" सगळी टपरी हसली.

९ जानेवारी
दातांना पाणी द्यायला मारुतीकडं गेलो. तापवून विझवावं तर त्यानंच.
"कशाला लावायचेत ते सांग, त्या मानानं पाणी देतो."
मी दात पिशवीत घातले.
"मग उद्या ये."

१२ जानेवारी
मारुतीचा उद्या अजून उगवला नाही. गल्लीत कुणीच नाही म्हणत नाही, गोड बोलतात. टपरीवर चहा मात्र मला शेवटी येतो. हरामखोर. यांच्या भट्ट्या विझोत.
दात स्वतःच तापवले, बादलीत बुडवले. त्यात काय एवढं.

१५ जानेवारी
पोखर्णी. मेहुण्याच्या रानात चिमटा चालवून दाखवायचा होता. सविताला म्हटलं, तूच चालव, बायांना पटेल. बांधावर गर्दी. पहिली ओळ झकास. दुसऱ्या ओळीत बुंधा अडकला, ती हातानं सोडवायला गेली, दात मोडला आणि जबडा बोटांवर मिटला.
मी आधी मोडका दात उचलला. मग तिच्याकडं पळालो. तिनं ते पाहिलं.
बांधावरून एक बाई म्हणाली, "आमचे हातच बरे हायेत."

१७ जानेवारी
दवाखाना. डाव्या हाताचं एक बोट काढलं. दुसरं वाकडंच राहणार म्हणे. सविता नर्सशी बोलते, भावाशी बोलते. माझ्याशी

२४ जानेवारी
जब्बारभाई आणि मारुती घरी आले. वाटलं, भेटायला आलेत. टेम्पोतून चिमटा उतरवला. पोखर्णीत कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते गल्लीत फिरलं, त्यावरून यांनी नवा केला. दात जाड केलेत, पाणी बरोबर, जबड्यावर आडवी पट्टी. हात आत जातच नाही. दिवसभर चहावर होता, मी सोडून सगळ्यांनी हाताळला.
"पट्टीचं भाभीच्या हातावरून सुचलं," जब्बारभाई म्हणाला. लाज नाही. "लय आर्डरी यायलेत. पट्टीची वेल्डिंग तुझ्याकडंच ठिवली. तुझ्यासारखी गल्लीत कुनाची न्हाई."
जाताना मारुती म्हणाला, "उद्या सांग."
सवितानं अंगणात एका हातानं चिमटा ढकलून पाहिला. "ह्याला पट्टी हाय," म्हणाली. इतक्या दिवसांत माझ्याशी एवढंच.
माझ्या डोक्यात का आली नाही ती पट्टी? एवढीशी पट्टी.

२५ जानेवारी
मी निघताना सविता म्हणाली, "करा ते काम." चपला घातल्यावर म्हणाली, "माझ्यासाठी म्हनून करू नका."
दुकानाचं शटर उघडलं तर दारात पट्ट्यांचा ढीग. वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन बसलोय.
टपरीवरून आज चहा आधी मला आला. प्यायलो नाही. फेकलाही नाही.