परत आलेला व्हॉल्व्ह

४ मार्च

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझी परीक्षा. पास झालीस की रेल्वेच्या गॅस टँक वॅगनच्या व्हॉल्व्हवर स्वतःचा शिक्का मारशील, नाहीतर आणखी वर्षभर दुसऱ्यांच्या पाने-पकडी उचलशील. तुझ्या आईचं चित्त थाऱ्यावर नाही. काल भाजीत दोनदा मीठ पडलं.

मी दिलेला दाढीचा ब्रश विसरू नकोस. दाबाचा काटा स्थिर राहिला म्हणून भाळू नकोस. साबणाचा फेस लाव आणि शंभर आकडे होईपर्यंत बुडबुडा येतो का बघत राहा. लोक हसतील, हसू देत. मलाही न्हावी म्हणायचे. पण एकतीस वर्षांत माझा एकही व्हॉल्व्ह परत आला नाही, हे तुला ठाऊक आहेच. आईच्या मते ते शेजारच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

निकाल लगेच कळव. इथे दोन म्हातारे दाराकडे डोळे लावून बसलेत.

तुझे बाबा


७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परीक्षकांनी दुरुस्त मालाच्या फळीवरून तीन व्हॉल्व्ह काढून दिले. तपासून फक्त सांगायचं, वॅगनवर चढवायचे की नाही. पहिले दोन ठणठणीत. तिसऱ्याचाही काटा हलेना. मी ब्रश काढल्यावर त्यांनी विचारलं, बाई, दाढी कुणाची करताय? मी फेस लावून मोजू लागले. त्र्याहत्तरला कडेशी मोहरीएवढा बुडबुडा आला. पुसून पुन्हा लावला, पुन्हा आला.

मग त्याची पत्र्याची पट्टी उलटून पाहिली. बाबा, शिक्का तुमचा होता. तारीख तुम्ही निवृत्त झालात त्या दिवसाची.

परीक्षक वहीत बघत होते. फेस पुसून ठीक म्हटलं असतं, तर तुमची एकतीस वर्षं शाबूत राहिली असती. पण त्या टाकीत गॅस भरणार आणि ती लोकांच्या दारावरून जाणार. मी नापास लिहिलं. उघडल्यावर आतलं रबरी सील तिरकं बसलेलं निघालं.

मी पास झाले. आनंद कसा करू तेवढं कळत नाही. रागवा हवं तर, पण लोभात कपात नको.

तुमची चिमी


११ मार्च

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जेवणाचं ताट तसंच सरकवलं. आईने ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग आठवलं. शेवटच्या दिवशी निरोपाला लोक हाका मारत होते आणि तो एक व्हॉल्व्ह टेबलावर राहिला होता. काटा स्थिर दिसला, शिक्का मारला. फेस लावलाच नाही. ब्रश होता कुठे? तुला द्यायचा म्हणून सकाळीच धुऊन, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला होता.

आज सगळ्या गल्लीला सांगून आलो, की माझा एक व्हॉल्व्ह परत आला आणि तो माझ्या लेकीने पकडला. आई म्हणते, आता हे ऐकून ऐकून कुत्रा गल्ली सोडणार.

एक काम कर. त्याला नवं सील तूच बसव, फेस लाव, शंभरपर्यंत मोज. मग माझी पट्टी काढून तुझा पहिला शिक्का त्याच्यावर मार.

आशीर्वाद वर लिहिलेच आहेत. या खेपेला त्यांत माझा एक नमस्कारही धर.

तुझे बाबा