पोलिता

ओंदारोआ, ८ मे १९२७

ती. मान्वेलामावशीस,
दोमिनिकाचा शि. सा. न. वि. वि.

बाबांची होडी रोज भरून येते आणि आम्ही बायका दिवसभर मासळी साफ करून मिठात रचतो. तू आणलेल्या सुताराच्या स्थळाला मी नाही म्हटलं, पण कारण सांगितलं नाही. आता सांगते. आमच्या कारखान्यात सिसिलीहून गास्पारे नावाचा मासळी खारवणारा आलाय. आपली भाषा त्याला येत नाही. पण रोज माझ्या टेबलाशी थांबतो, हसतो आणि ‘पुलिता’ म्हणतो. मला वाटलं, आपलं ‘पोलिता’च म्हणतोय, सुंदर! मी नवा रुमाल बांधू लागले. काल कळलं, त्यांच्याकडे पुलिता म्हणजे स्वच्छ. कौतुक मासळीचं होतं! पोरी हसून हसून लोळल्या. आता कामावर जायचं तोंड नाही. तुझ्याकडे येऊ का?

आईला सांगू नकोस, आणि मूर्ख भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
दोमिनिका

ओन्याती, १३ मे

चि. दोमिनिकास,
अ. उ. आ.

अगं बये, मासळीपायी माझा सोन्यासारखा सुतार घालवलास! पत्र वाचून इतकी हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं.

पण ऐक. हा शब्द काही आपल्या एकट्यांचा नाही. फादर म्हणतात, मूळ लॅटिन. घासूनपुसून लख्ख केलेलं, ते. फ्रेंच लोक तो सभ्य माणसाला लावतात, स्पॅनिश लोक गुळगुळीत केलेल्या लाकडाला. तुझे काका फ्रान्सच्या दक्षिणेकडल्या गास्कोनीचे; त्यांच्या बोलीत मात्र आपल्यासारखाच, सुंदर. लग्नाआधी आम्हा दोघांना एकमेकांचा तेवढाच शब्द कळायचा. त्यावर संसार उभा राहिला.

तेव्हा पळून येऊ नकोस. मासळी तर सगळ्याच जणी साफ करतात. तो तुझ्याच टेबलाशी का थांबतो? सरळ विचार. नाही म्हणाला तर ये, सुतार अजून मोकळा आहे.

जिवाला जप, आणि म्हातारीला विसरू नकोस.

तुझी
मावशी

ओंदारोआ, २९ मे

ती. मावशीस,
शि. सा. न.

विचारलं! भर कारखान्यात, खाणाखुणांनी आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. पोलिताचा अर्थ ऐकून त्याच्या हातातलं मीठच सांडलं. आधी त्यानं घाबरून शेजारच्या टेबलावरच्या बेर्नार्दाआजीकडे पाहिलं. तिच्या तोंडात एकही दात नाही, पण तिच्या मासळीलाही तो रोज पुलिता म्हणायचा. म्हणून बिचारी त्याला उकडलेली अंडी आणायची! आजीनं तिथल्या तिथे बजावलं, की अंडी हवी असतील तर म्हणणं थांबवू नकोस. मग तो माझ्याकडे वळला. कान लालबुंद. माझ्या टेबलाशी तो मासळी बघायला थांबत नव्हता म्हणाला, आणि जपून, अगदी आपल्या उच्चारात, पोलिता म्हणाला.

आम्हाला लग्न करायचंय हे कळल्यावर बाबा भडकले. एक तर परका, त्यात दर्यावर्दी नाही. परवा त्यांनी त्याला होडीत घालून नेलं, परीक्षाच ती. मावशी, जन्म मासळीत गेलेल्या या माणसाला होडी लागते! ओकून ओकून हिरवा पडला, पण हातातलं जाळं सोडलं नाही. बाबा पोट धरून हसत घरी आले. दादा बुडाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आईला म्हणाले, करून टाकू लग्न. हा जावई समुद्रावर कधी जायचा नाही.

आई चुलीकडे तोंड करून कितीतरी वेळ डोळे पुसत होती.

लग्न सप्टेंबरात. तू आणि काका आधी आठवडाभर या. तुमच्या आशीर्वादावाचून मी चर्चची पायरी चढायची नाही.

तुझीच
दोमिनिका