मोजणीबाहेरची आई

अण्णा, आईला घेऊन मी नॅक्सोसला, त्या ग्रीक बेटावर, जाऊन आले. तेही जानेवारीत. सीझन सोडून, ग्रुप सोडून, आणि बरोबर एकही दशमी न घेता. हे ऐकून तुमच्या भुवया वर जात असतील तर जाऊ द्यात. तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला चिडवायची इतकी चांगली संधी मला मिळाली नव्हती.

आई आता माझ्याकडे, वेलिंग्टनजवळ लोअर हटला असते. तिच्या डोळ्यांचा मधला भाग चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होत जातं. टीव्हीवरच्या बाईचे कानातले दिसतात, चेहरा दिसत नाही, असं ती सांगते आणि वर म्हणते की नाहीतरी त्या चेहऱ्यांमध्ये बघण्यासारखं काय असतं. गेल्या सप्टेंबरात डॉक्टर खुर्ची जवळ ओढून म्हणाले की इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. काही बघायचं राहिलं असेल तर उशीर करू नका. परत येताना गाडीत मी विचारलं, आई, काय बघायचंय तुला? ती खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तोंड समोर आणि नजर तिरकी, आता तशीच बघते. म्हणाली, "नॅक्सोसचा समुद्र." दोनच शब्द. पुढचं सगळं मी माझ्या मनाने भरलं, आणि त्यात तुम्हाला खलनायक केलं. त्यासाठी मला फार कष्ट पडले नाहीत.

कारण मला तो तिसरा मे महिना लख्ख आठवतो. तुमची सहल कंपनी, अडतीस पुणेकर, गळ्यात शिट्टी घातलेले तुम्ही, आणि जाहिरातीत आग्रहाने छापलेलं 'घरचं जेवण'. ते घरचं जेवण म्हणजे आई. बेटावरच्या त्या हॉटेलवाल्याला पटवून तुम्ही तळघरातला जुना भटारखाना मिळवला होता आणि तीन वर्षं, तीन मे महिने, ती त्यात पोळ्या लाटत होती. मी सतरा वर्षांची, त्या एकाच वर्षी मदतनीस म्हणून आलेले. तुम्ही बसच्या दारातून आत येता, दोन बोटांनी एकेका सीटला शिवत मागे जाता, अडतीस झाले की शिट्टी. मागे पातेल्यांजवळ बसलेली आई मोजायची नसते. ती स्टाफ. अथेन्सबाहेर एका पेट्रोल पंपावर ती राहिली तेव्हा बस चांगली वीस मिनिटं पुढे गेली होती. मी ओरडले, "आई राहिली." तुम्ही वळून म्हणालात, "मोजणी तर बरोबर आहे." बस मागे फिरवली तुम्ही, नाही म्हणत नाही. पण आधी ते वाक्य म्हणालात.

आणि मग ती बोटीची सकाळ. सगळा ग्रुप समुद्रात फेरीला निघालेला, मी म्हटलं, आज आईला पण नेऊ या की. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ती आली तर अडतीस माणसांना काय समुद्र वाढणार?" सगळे हसले. आई पण हसली, हाताला कणीक, दारात उभी. मी बोटीत बसले आणि संपूर्ण फेरीभर पाण्याकडे पाठ करून बसले. एवढ्या लांब जाऊन समुद्राकडे पाठ करणारी मी तुमच्या कंपनीची एकमेव प्रवासी असेन.

तर डिसेंबरात आमचं ऑफिस नाताळपासून तीन आठवडे बंद असतं, रजा तेव्हाच मिळते, म्हणून तिकिटं जानेवारीची काढली. इथल्याच दुसऱ्या शहरातून, फ्लॅट बुशहून, तुमच्या चिरंजीवांचा फोन आला. "ताई, वेड लागलंय का? इथे समर चालू आहे, तिथे हिवाळा. ऑफ-सीझनला आईला काय बंद दुकानं दाखवणार?" मी म्हटलं, हो, बंद दुकानंच दाखवणार. "जूनपर्यंत थांब ना, आपण सगळे जाऊ, नीट प्लॅन करू." जूनपर्यंत तिला काय दिसेल ते तू सांग, म्हटलं. मग म्हणाला, "अण्णा असते तर त्यांनी तुला जाऊ दिलं नसतं." इतका उपयोगी सल्ला त्याने मला आयुष्यात दिला नव्हता. मी लगेच पैसे भरून टाकले. इथल्या मराठी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, समुद्रच बघायचा तर पेटोनला जा, दहा मिनिटांवर आहे." त्यांना काय सांगू. सहा महिन्यांनी सुट्टीला क्वीन्सलँडला जाऊन त्या तिथल्या मॉलचे फोटो टाकणार, हे मला माहीत होतं.

तीन विमानं, मग अथेन्सहून बोट. वाऱ्यामुळे बोट एक दिवस सुटलीच नाही. आई म्हणाली, आपल्याकडच्यापेक्षा कमीच आहे. वेलिंग्टनच्या वाऱ्याने तिला एवढं तरी शिकवलंय. बेटावर उतरलो तर खरोखरच सगळं बंद. खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या, दुकानांच्या कापडी छपरांची गुंडाळी, मांजरं भर रस्त्यात बसलेली, कारण त्यांना उठवायला गाड्याच नाहीत. घरमालकीण साठीची, हातात संत्र्यांची टोपली. तिने इंग्रजीत विचारलं, तुमच्या देशात आत्ता उन्हाळा ना, मग इकडे कशाला? म्हटलं, आईला समुद्र दाखवायचाय. तुमच्याकडे नाही? आहे, चारी बाजूंनी. तिने टोपलीतली चार संत्री माझ्या हातात दिली.

मी मुद्दाम स्वयंपाकघर नसलेली खोली घेतली होती. सूड म्हणून. बारा दिवस आईने चहासुद्धा करायचा नाही, फक्त बघायचं. माझ्याकडे यादी होती. पहिल्या दिवशी बंदरापाशी तो संगमरवरी दरवाजा. देऊळ कधीच गेलंय, नुसती चौकट उरलीय, अंगावर तुषार उडतायत. मी ओरडून सांगतेय, "आई, समोर बघ, दरवाजा. त्याच्यातून निळं दिसतंय ना, तो समुद्र." ती म्हणाली, "अगं, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत." दुसऱ्या दिवशी किल्ला. तिसऱ्या दिवशी डोंगरातलं गाव. प्रत्येक ठिकाणी ती "छान आहे" म्हणाली, अगदी तुमच्या प्रवाशांसारखं, पुढचं ठिकाण लवकर यावं म्हणून म्हणतात तसं. एकच खाणावळ उघडी होती, तिथे बटाट्याचा घास घेऊन मात्र ती थांबली. "बटाटा तोच आहे. शिजायला हट्टी." आणि हसली. मी मनात म्हटलं, बघा अण्णा, एवढ्या बेटाची तिला ओळख काय, तर बटाटा.

चौथ्या दिवशी सकाळी वारा एकदम पडला आणि ऊन आलं. घरमालकीण म्हणाली, जानेवारीत मधेच असे दोन-चार दिवस मिळतात. मी पाव आणायला गेले. परत येते तर खोलीत आई नाही. पांघरुणाची घडी, काठी नाही. घरमालकिणीने कपडे वाळत घालता घालता खालच्या दिशेला मान हलवली. मी धावत सुटले. ती कुठे असेल याबद्दल मला एक क्षणही शंका नव्हती. थेट तुमच्या त्या हॉटेलपाशी गेले. दारं बंद, रंग उडालेला. गुडघे टेकून तळघराच्या खिडकीची काच पुसली आणि आत बघितलं. आत मोडक्या खाटा होत्या.

हॉटेलच्या मागे दोन भिंतींमधून एक बोळ खाली जातो. तो मला तेव्हा माहीत नव्हता, तुम्हाला तर नसेलच. त्याच्या शेवटी खडक, खडकांमध्ये आपल्या अंगणाएवढं पाणी, आणि काठावर आई. बूट काढून शेजारी ठेवलेले, मोजे नीट बुटांत घातलेले.

"इथे कशी आलीस?"

"चालत."

"रस्ता दिसला तुला?"

"दिसायला कशाला हवा. हॉटेलच्या मागच्या दारातून निघायचं, भिंत डाव्या हाताला ठेवायची, देऊळ लागलं की पोचलो." देऊळ म्हणजे एक पांढरं, कपाटाएवढं चर्च होतं.

"तुला कसं माहीत?"

"रोज यायचे की."

मी तिच्याजवळ बसले. अण्णा, मी बोलण्यात सहसा हरत नाही, हे तुम्हीच वैतागून सांगायचात. पण तिथे मी नुसता तिचाच शब्द परत विचारला.

"रोज म्हणजे?"

"नऊला तुम्ही सगळे बसमधून गेलात की पाचपर्यंत तिथे कोण होतं? कणीक मळून झाकायचे, डाळ भिजत घालायचे आणि यायचे."

"येऊन काय करायचीस?"

"पोहायचे."

माझी आई. पोहायची. म्हटलं, तुला पोहता येतं? तर म्हणाली, माहेरी विहिरीत शिकले, पाठीला भोपळा बांधून. तुमच्याकडे आल्यावर कोणी विचारलं नाही. आणि कपडे? "परकर-पोलकं. इथली माणसं त्याहून कमीत होती, माझ्याकडे कोण बघतंय." केस चुलीपाशी वाळायचे म्हणे. एकदाच उशीर झाला. "आठवतं, त्या दिवशी आमटी पातळ झाली होती?" आठवतं म्हणजे काय. त्या आमटीवरून तुम्ही सगळ्यांदेखत आईला बोललात आणि मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला. तुमच्या लक्षात आला नाही, तो भाग वेगळा.

"अण्णांना कधी सांगितलं नाहीस?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. ते मोजायचे, आणि मी मोजणीत नव्हते. असते तर कोणीतरी शोधत आलं असतं ना." ती पाण्यात पाय हलवत होती. "बरंच झालं."

"आणि पेट्रोल पंपावर?"

तिचे पाय पाण्यात थांबले. "तिथे खरंच राहिले होते गं. खूप घाबरले होते. पासपोर्टसुद्धा ह्यांच्याकडे होता."

तर अण्णा, तुम्ही सुटलात असं समजू नका. तुमचे चिरंजीव हे ऐकून म्हणतील, बघ, आई मजेत होती, तू उगाच अण्णांना नावं ठेवत होतीस. अजिबात नाही. तिने तुमच्या कुलपातून बाहेर पडायची वाट शोधली म्हणून कुलूप लावणारा भला ठरत नाही. ती पोहली ती तिची करामत. तुमचं काय, तर तीन वर्षं तुमची बायको संध्याकाळी ओलसर केसांनी तुमच्यासमोर चहाचा कप ठेवत होती आणि तुम्ही त्यात साखर कमी आहे एवढंच बघितलंत. आणि मला स्वतःलाही सोडायचं नाहीये. मी तीस-पस्तीस वर्षं तिची बाजू घेऊन तुमच्याशी भांडतेय, मनात, मंडळाच्या कार्यक्रमांत, लेखांत. तिला मी तरी कुठे विचारलं? मीही तिला तळघरातच शोधायला गेले.

मग तिने शाल काढून माझ्या मांडीवर ठेवली, काठी माझ्या हातात दिली आणि सलवार वर खोचली. मला कळलं. मी म्हटलं, नाही. पाणी बर्फ आहे, तुझं वय सत्त्याहत्तर, डोळ्यांना धड दिसत नाही, न्यूमोनिया झाला तर इथे दवाखाना कुठे आहे तेही मला माहीत नाही. "आणि तुला काही झालं तर मी दादाला काय सांगू?" दादा म्हणजे आपला तोच, धाकटा असून सगळ्यांचा दादा. आवाज माझा होता, पण बोलण्याची ढब कोणाची होती ते तुम्ही ओळखाल. मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं, जरा मोठ्याने.

"तुझी परवानगी घ्यायला आले नाही मी," आई म्हणाली. "काठावर बस. धरायला येऊ नकोस, तुला पोहता येत नाही."

आणि ती गेली. गुडघे, कंबर, मग एकदम खांदे. तोंडातून एक मोठा हुंकार निघाला, थंडीचा. चार हात मारून तिने पाठ टेकली आणि उताणी तरंगायला लागली. पांढरी वेणी पाण्यावर. मी शाल घट्ट धरून बसले होते. चार-पाच मिनिटं असतील, मला फार लांब वाटली. बाहेर आली तेव्हा दात वाजत होते. म्हणाली, वर बघायला बरं पडतं, आभाळाला मधोमध काही नसतं.

बंदरावर एकच कॉफीचं दुकान उघडं होतं. शेगडीभोवती बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी तिच्या ओल्या कपड्यांकडे बघून खुर्ची पुढे केली. कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "हे कुठे बोलू नकोस हं. ह्यांना वाईट वाटेल." वाटेल, म्हणाली. वाटलं असतं, नाही. मी हो म्हटलं. म्हणून हे लिहिलेलं कुठे जायचं नाही. ती आत्ता शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकतेय आणि मी ऑफिसचं काम करतेय अशी तिची समजूत आहे.

तिची आणखी एक समजूत आहे, की मंगळवारी संध्याकाळी माझी मीटिंग असते. मीटिंग नसते. हटमधल्या पोहण्याच्या तलावात मोठ्यांचा नवशिक्यांचा वर्ग असतो. मी बावन्नाव्या वर्षी टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, विकत घेतले, काळे, गुडघ्यापर्यंतचे, आणि शिकवणारी मुलगी मी नाकातोंडात पाणी घेतलं तरी "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत 'मस्तच', म्हणते. आज चौथा मंगळवार झाला. कबूल करते, अजून काठ सोडलेला नाही.