‘लागते’

३ नोव्हेंबर २००३, पेण

आवश्यक!

हैबतराव वकिलांनी माझ्या तक्रारीत हा शब्द घातलाय. "मयताने सदर इंजेक्शन आपणास आवश्यक असल्याचे डॉक्टरांस सांगितले." आज नक्कल हातात पडली तेव्हा कळलं. सही कोऱ्या कागदावर घेतली होती त्यांनी — "टाईप मागून करतो" म्हणून.

मी काय सांगितलं होतं? ह्यांच्या पायाला गळू झालं. रोह्याला दिनानाथ डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी सुई भरायला घेतली तसे हे म्हणाले, "सायेब, पेनिसिलीन मला लागते हां." डॉक्टरांनी मान हलवली आणि टोचली. हे तिथल्या बाकावरच गेले.

लागते म्हणजे बाधते! आधी नागोठण्याला हीच सुई घेतल्यावर अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास कोंडला होता — म्हणून सांगितलं त्यांनी. वकिलाने भाषा सुधारली आणि केस मारली.

५ नोव्हेंबर

हैबतरावांकडे गेले. सुपातले शेंगदाणे खात बसले होते.

"कृष्णाबाई, कोर्टात बोलीभाषा शोभत नाय हो."

"शोभेसाठी आले नव्हते मी."

"अहो, लागते म्हणजे गरज आहे. शब्दकोश उघडा जरा!"

उघडते.

६ नोव्हेंबर

वाचनालयात शब्दकोश उघडला. ‘लागणे’ला किती अर्थ! गरज असणे — आहे. बाधणे — तेही आहे. दोन्ही एकाच पानावर, शेजारी शेजारी. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, बंद करायची वेळ झाली." मी बसूनच राहिले.

१२ नोव्हेंबर

नवीन वकील केल्या, चंद्रावतीबाई. म्हणाल्या, "हैबतरावांवर वेगळी तक्रार करू. निष्काळजीपणाच आहे हा. आधी शब्द दुरुस्त करायला ग्राहक मंचात अर्ज देते. पण डॉक्टरांचं उत्तर वाचलंत?"

वाचलं. "मी नागपूरकडचा. इकडची बोली मला अवगत नाही. रुग्णाने मागितले म्हणून दिले."

मागितलं म्हणे! वाण्याकडे गूळ मागावा तसं. आणि आधी थोडंसं टोचून का नाही पाहिलं? त्यावर एक ओळ नाही.

१९ नोव्हेंबर

निडीहून जाऊ आली, हौसा.

"सोड ना गो आता. देवमाणूस हाय तो डॉक्टर. माझी पुतळी त्यानंच वाचवली."

"वाचवली ना? मग माझा माणूस त्या बदल्यात गेला का?"

चहा न पिता उठली. जाऊ दे. तिच्या लेकीचं नाव घेऊन मला गप्प करायला आली होती!

२५ नोव्हेंबर

चंद्रावतीबाई उलटतपासणीची तयारी करून घेतात. आज सरावापुरत्या त्या स्वतःच डॉक्टरांच्या वकील झाल्या.

"तुमचे यजमान ‘सोसत नाही’ असं का म्हणाले नाहीत?"

"कारण ते कोकणात होते!"

हसल्या. "मंचासमोर असं रागावू नका हं."

घरी येऊन भाकरी थापल्या. दोन जास्तच झाल्या. अजून होतात.

२ डिसेंबर

डॉक्टरांकडून निरोप आला. भाषेच्या गैरसमजाने घडलं, असं ते लिहून देतील, दिलगिरीही व्यक्त करतील. मी तक्रार मागे घ्यायची. चंद्रावतीबाई म्हणाल्या, "तुम्ही ठरवा. शब्द दोन्हीकडे वळतो, हे खरंय."

दिवसभर तेच डोक्यात. परमुलखातला माणूस. नसेल कळलं. मी नागपूरला गेले तर मला तरी काय काय कळणार? हे असते तर म्हणाले असते, "जाऊ दे गो, चुकतो माणूस." कुणाचं वाईट चिंतलं नाही त्यांनी कधी.

उद्या अलिबागला जाऊन सही करते. राग मात्र जात नाही. कुठे ठेवू तो?

३ डिसेंबर, अलिबाग

सही केली नाही.

मंचाबाहेरच्या बाकावर बसले होते. कागद मांडीवर, पेन उघडलेलं. पलीकडे डॉक्टर, माझ्याकडे पाठ. त्यांच्या वकिलाने सुपारीची डबी पुढे केली.

डॉक्टर म्हणाले, "नको हो, मला लागते. घाम फुटतो."

वकिलाने डबी मिटली.