कॉर्डोबातल्या चपला

१२ एप्रिल, रविवार. खलिफा सिटी.

स्पेनहून इकडे आखातात परत येऊन आठवडा झाला, तरी त्या चपला डोक्यातून जात नाहीत. रत्नागिरीत बी.ए. करताना कॉर्डोबाच्या जुन्या मशिदीबद्दल वाचलं, तेव्हापासून तिच्या कमानी बघायच्या होत्या. दारात सवयीने चपला काढल्या, तर रखवालदाराने घाला म्हणून खूण केली. आता तिथे चर्च आहे, ठाऊक होतंच. पण पायांना कोण सांगणार?

"ममा, प्लीज, एव्हरीवन इज लुकिंग," लेक पुटपुटली. घातल्या.

आज तिने फोटो दाखवले. मागे कमानीच कमानी, आणि प्रत्येक फोटोत मी आपली खाली, चपलांकडे बघतेय. वैताग नुसता.

हे म्हणाले, "पुन्हा जाऊ, इन्शाल्ला."

पुन्हा जाऊन काय? चपला घालूनच आत जायचं ना?